धूप समुद्र करतो, असं पोरांना शिकवू नका

गेल्या महिन्यात भाच्याची प्रकल्पवही चाळत होतो. विषय होता 'समुद्रकिनाऱ्याची धूप : कारणे व उपाय'. कारणं चार: लाटा, वारा, भरती-ओहोटी आणि ग्लोबल वॉर्मिंग. उपायही मोजून चार: झाडे लावा, संरक्षक भिंत बांधा, प्लास्टिक टाळा, जनजागृती करा. खाली लाल शाईत 'उत्तम' आणि सही. बाजूला अलिबागच्या सहलीचा फोटो. मागे कुलाबा किल्ला, पुढे टोप्या घातलेली चाळीसेक पोरं, प्रत्येकाच्या हातात कचऱ्याची पिशवी.

पोरगं हुशार आहे, अक्षर माझ्यापेक्षा दहापट बरं. त्याच्यावर राग नाही. राग याचा आहे की कारणांच्या त्या यादीत एकही माणूस नाही. ग्लोबल वॉर्मिंगमध्ये आहे म्हणा, पण तो इतका लांबचा आणि इतका सगळ्यांचा मिळून आहे, की शेवटी तो कुणीच नसतो. मी त्याला म्हटलं, "यात मोरबे धरण लिही, वाळूउपसा लिही." तर म्हणतो, "मामा, ते मॉडेल आन्सरमध्ये नाही." विषय संपला. त्याच्यापुरता.

आता जरा आठवून बघा, तुम्ही-आम्ही काय शिकलो. सागरी कडा, सागरी गुहा, सागरी कमान, सागरी स्तंभ, तरंगघर्षित मंच, पुळण, वाळूचा दांडा. आकृती काढा, नावे द्या, पाच मार्क. यात चूक काहीच नाही. पण ही सगळी हजारो वर्षांची कामं आहेत. बसाल्टच्या कड्यात गुहा पडायला जेवढा काळ लागतो, तेवढ्यात आपल्या किती पिढ्या होऊन जातील! या धड्यातला कर्ता एकच, समुद्र. आपण काय केलं, तर हजारो वर्षांच्या कामासाठी लिहिलेला हा धडा वीस-तीस वर्षांत गायब होणाऱ्या पुळणीला चिकटवून टाकला. दोन्हीकडे लाटा आहेत, तेव्हा कारणही तेच असणार, असा हिशोब. सर्व्हर दर मंगळवारी बंद पडतो, तेव्हा मंगळवारच वाईट, असं म्हणण्यासारखं झालं हे.

आमच्या धंद्यात 'गिट ब्लेम' नावाची एक कमांड असते. कोडमधली कुठली ओळ, कोणी, कधी बदलली, ते ती दाखवते. नाव भांडखोर आहे, पण काम फार सभ्य आहे. कुणाला फासावर द्यायला ती वापरत नाहीत. नेमकं काय बदललं ते कळल्याशिवाय दुरुस्त काय करायचं तेच समजत नाही, म्हणून वापरतात. किनाऱ्याच्या धड्याला ही कमांडच नाहीये. बदल दिसतो, बदलणारा दिसत नाही.

तर आधी धूप म्हणजे काय ते नीट बघू. पुळण ही वस्तू नाही, खातं आहे. वाळू येते आणि जाते. नद्या आणतात, कड्यांची झीज होऊन येते, शंख-शिंपल्यांचा चुरा होऊन येते. लाटा तिला किनाऱ्याकिनाऱ्याने सरकवतात, थोडी खोल समुद्रात जाते, थोडी वाऱ्याने मागे उडते. आपल्या कोकणात तर हे खातं दरवर्षी डोळ्यांसमोर खाली-वर होतं. जूनच्या लाटा पुळणीवरची वाळू ओढून आत नेतात. पावसाळा संपला, समुद्र शांत झाला, की हळूहळू तीच वाळू परत आणून टाकतात. कुठल्याही कोळ्याला विचारा, त्याला हे सांगायला सॅटेलाइट लागत नाही. त्यामुळे ऑगस्टमध्ये किनाऱ्यावर जाऊन 'अरेरे, किती धूप झाली' म्हणणं म्हणजे महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला बॅलन्स बघून दिवाळं निघालं म्हणण्यासारखं आहे. खरी धूप तेव्हा, जेव्हा एकाच महिन्यात, एकाच जागी, वर्षानुवर्षं बॅलन्स घटत जातो. समुद्राचा खर्च नेहमीचाच आहे, मग घट का? बरेचदा उत्तर असं निघतं की पगार बंद झालाय, नाहीतर वाटेत कुणीतरी कापून घेतोय.

हा पगार येतो कुठून ते बघायला अलिबागला जायची गरजच नाही. लोधिवलीला या. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचं, खालापूर तालुक्यातलं गाव. समुद्राचा वाससुद्धा येत नाही इथे. पण पाताळगंगा जवळ आहे, आणि किनाऱ्याचा निम्मा धडा तिच्या काठावर आहे.

ही नदी गंमतीची आहे. टाटांनी १९१५ मध्ये खोपोलीला वीजघर सुरू केलं. घाटमाथ्यावरची वळवण, लोणावळा ही तळी बांधून, भीमेच्या खोऱ्यातलं पाणी घाटाखाली सोडलं. जे पाणी इंद्रायणी, भीमा, कृष्णा असं फिरून बंगालच्या उपसागरात गेलं असतं, ते वीज करून पाताळगंगेत उतरतं आणि अरबी समुद्राला मिळतं. म्हणून ही नदी उन्हाळ्यातही वाहते, म्हणूनच तिच्या काठी रसायनी आणि पाताळगंगेचे कारखाने आले. पण तळ्यातून नळाने पाणी येतं, गाळ नाही येत. गाळ तळ्यातच बसतो. दुसरीकडे चौकजवळ धावरी नदीवर मोरबे धरण. नवी मुंबईचं पाणी तिथून जातं. धावरीचं पाणी एरवी पाताळगंगेकडेच यायचं. पाणी गेलं वाशी-नेरुळच्या टाक्यांत, आणि इर्शाळगड-माथेरानच्या उतारांवरून पावसात सुटणारी रेती-माती धरणाच्या तळाशी.

लगेच कमेंट टाकायला धावू नका. धरणं नकोत असं मी म्हणत नाहीये. मलाही अंघोळीला पाणी लागतं. लोधिवलीची वाळू थेट अलिबागच्या पुळणीवर जाऊन पडते, असंही म्हणत नाही. आपल्या पश्चिमवाहिनी नद्या आखूड, खाड्या लांब. बराचसा माल खाडीतच बसतो. पण तो बसतो म्हणूनच खाडीत चिखलाची मैदानं टिकतात, चिखल आहे म्हणून तिवरं उभी राहतात, आणि तिवरं आहेत म्हणून मागचे बांध लाटांचा मार सोसतात. ही साखळी पोराला कळली पाहिजे. त्याची बस अलिबागला जाताना खारपाड्याला पाताळगंगा ओलांडते, पुढे धरमतरची खाडी ओलांडते. पोरं तेव्हा अंताक्षरी खेळत असतात. धडा खिडकीबाहेरून निघून जातो आणि शिक्षक पुढे बीचवर जाऊन तो शिकवायला घेतात!

हे फक्त पाताळगंगेचं नाही. 'सायन्स' मासिकात २००५ मध्ये जगभरच्या नद्यांचा हिशोब आला होता. माणसाने जंगलं तोडून, जमिनी उकरून नद्यांमध्ये जास्तीचा गाळ सोडला, वर्षाला सुमारे २.३ अब्ज टन. आणि तरीही किनाऱ्यापर्यंत पोचणारा गाळ वर्षाला सुमारे १.४ अब्ज टनांनी कमी झाला, कारण मधे धरणांनी अडवला. म्हणजे डोंगर जास्त झिजतोय आणि किनारा उपाशी आहे, दोन्ही एकाच वेळी. आता वाळूउपसा जोडा. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२२ च्या अहवालानुसार जग वर्षाला सुमारे ५० अब्ज टन वाळू-खडी वापरतं. तुमचा टू बीएचके त्यात आहे, माझाही आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये राज्यातल्या वाळूउपशावर बंदी घातली, सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये अशा उत्खननाला पर्यावरण मंजुरी सक्तीची केली. ही एवढी मोठी गोष्ट आपल्या हयातीत घडली, पण प्रकल्पवहीत तिच्यासाठी एक ओळ नाही.

बरं, याचं नुकसान कोणाला? अलिबागच्या रिसॉर्टवाल्याला म्हणाल तर तो भिंत बांधून घेईल. खरं नुकसान बघायचं असेल तर पेण-अलिबागच्या खारपट्ट्यात जा. तिथे पिढ्यान् पिढ्या लोकांनी मातीचे बांध घालून खाडीकडून भातशेती मिळवली. बांधाला खांड पडली की उधाणाचं पाणी शेतात घुसतं आणि दोन-तीन पावसाळे ती जमीन भाताच्या कामाची राहत नाही. खांड वेळेत बुजवली नाही तर शेतात तिवरं उगवतात. तिवरं उगवली की उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशाने त्यांना संरक्षण. आदेश योग्यच आहे, तो नसता तर मुंबईभोवतीची तिवरं केव्हाच बिल्डरांनी खाल्ली असती. पण ज्याचा सातबारा अजून भातशेती दाखवतो आणि प्रत्यक्षात जंगल आहे, त्या शेतकऱ्याने काय करायचं? ही किनाऱ्याची धूपच आहे राव, फक्त तिथे सूर्यास्ताचा फोटो चांगला येत नाही. म्हणून सहल तिथे जात नाही.

आता उपायांच्या यादीकडे येऊ. 'संरक्षक भिंत बांधा.' आमच्या भाषेत याला पॅच म्हणतात, आणि तोही असा पॅच की जो आपला बग दुसऱ्याच्या मोड्यूलमध्ये ढकलतो. लाट उतरत्या पुळणीवर चढते तेव्हा दमते. उभ्या भिंतीवर आदळते तेव्हा दमत नाही, परत फिरते आणि जाताना भिंतीच्या पायथ्याची वाळू उकरून नेते. भिंत जिथे संपते, त्याच्या पलीकडच्या गावाची धूप वाढते. मग ते गाव भिंत मागतं. मग त्याच्या पलीकडचं. कधीकधी भिंत लागतेच, घरं वाचवायची असतात, पर्याय नसतो. पण 'उपाय' म्हणून, कुठलीही अट न घालता ती मुलांना पाठ करायला देणं म्हणजे अर्धवट औषधाची जाहिरात आहे.

बंदरांचं तर विचारूच नका. चेन्नईचं उदाहरण इतकं सुंदर आहे की ते शिकवत का नाहीत हेच कळत नाही. तिथे वाळू वर्षाच्या हिशोबात दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते. एकोणिसाव्या शतकात बंदराच्या भिंती समुद्रात घातल्या. दक्षिणेला वाळू अडून साठत गेली आणि आपण ज्याच्यावर भेळ खातो तो रुंद मरीना बीच झाला. उत्तरेला रोयापुरमचा किनारा उपाशी राहून खचत गेला. एकच भिंत, एका बाजूला पर्यटनस्थळ, दुसऱ्या बाजूला कोळ्यांची उद्ध्वस्त वस्ती. पुदुच्चेरीत १९८९ च्या बंदरानंतर तेच झालं, शहराची पुळण गेली आणि दगडांची रांग उरली. २०१८ च्या सुमारास राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने तिथे पाण्याखाली कृत्रिम रीफ घातली, आणि पुळणीचा काही भाग परत आला. हे विशेष महत्त्वाचं आहे. कारण नेमकं कळलं म्हणून उपाय नेमका करता आला. 'लाटा' असं कारण लिहून बसले असते तर आजही झाडं लावत असते.

आणखी एक गोष्ट प्रत्येक पोराला सांगावी अशी. इंग्लंडमध्ये डेव्हन परगण्यात हॉलसँड्स नावाचं कोळ्यांचं गाव होतं. १८९७ मध्ये प्लिमथच्या नौदल गोदीच्या बांधकामासाठी गावासमोरच्या समुद्रातून गोटे आणि रेती काढायला सुरुवात झाली. सरकारी म्हणणं असं की समुद्र भर घालेल. गावकरी ओरडत राहिले, किनारा खाली बसत गेला, १९०२ मध्ये परवाना रद्द झाला. सगळं शांत झालं. आणि मग २६ जानेवारी १९१७ च्या वादळात ते गाव समुद्रात गेलं. राहण्याजोगं एक घर उरलं. त्या रात्री तिथे उभं राहून विचारलं असतं की गाव कोणी नेलं, तर उत्तर 'समुद्राने' असंच आलं असतं. आपली प्रकल्पवही नेमकं हेच उत्तर लिहिते. पंधरा-वीस वर्षांपूर्वीची ती ड्रेजरची नोंद तिला दिसतच नाही.

आता अपेक्षित आक्षेप.

पहिला: "अहो, पण हवामानबदल खराच आहे ना?" आहे. १९०१ ते २०१८ मध्ये जगाची समुद्रपातळी सरासरी २० सेंटिमीटरने वाढली आणि वाढीचा वेग वाढतोय. ते शिकवाच. पण पातळी वाढतेय म्हणूनच तर वाळूचा साठा जास्त महत्त्वाचा. पैसे कमी येणार असं दिसत असताना घरातली चोरी दुर्लक्षित करायची नसते. आणि सोयीचं बघा: कारण 'ग्लोबल' असलं की कुठल्याही ठेकेदाराला, बंदराला, पालिकेला, ग्राहकाला काही विचारावं लागत नाही.

दुसरा: "लहान मुलांना घाबरवू नका." हा आक्षेप लोधिवलीत येऊन घ्या. इथून दिसणाऱ्या इर्शाळगडाच्या पायथ्याशी १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर डोंगर आला. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं बेपत्ताच राहिली. या भागातल्या पोरांना माती सरकते म्हणजे काय ते तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. त्यांना भीतीपासून वाचवायचं नाहीये, भीतीचं काय करायचं ते द्यायचंय. टिली स्मिथ ही दहा वर्षांची इंग्लिश मुलगी आठवते? २६ डिसेंबर २००४ ला फुकेतच्या किनाऱ्यावर समुद्राचं पाणी विचित्र फेसाळताना पाहून तिने आईवडिलांना त्सुनामी येतेय म्हणून सांगितलं, किनारा रिकामा झाला, लोक वाचले. दोन आठवड्यांपूर्वी तिला भूगोलाच्या तासाला ते शिकवलं होतं. भूगोल! स्कोअरिंग नसलेला विषय! आणि घाबरवायचं नसेल तर पूर्ण आकडे सांगा. चेन्नईच्या राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ चा जो अभ्यास केला, त्यात देशाचा सुमारे ३३.६ टक्के किनारा धुपतोय, महाराष्ट्राचा सुमारे २५.५ टक्के. म्हणजे आपल्याकडे बराचसा किनारा अजून स्थिर आहे. वाचवण्यासारखं पुष्कळ आहे, ही वाईट बातमी नाही.

तिसरा आणि लाडका: "हे राजकारण झालं, शाळेत राजकारण नको." बरं. समुद्र दोषी आहे हे सांगणं राजकारण नाही, आणि धरणात गाळ अडतो हे सांगणं राजकारण? गाळ अडतो हे भौतिकशास्त्र आहे. ज्याला ते ऐकणं गैरसोयीचं वाटतं, राजकारण तो करतोय. धरण हवं की नको यावर वर्गात दोन बाजू मांडून वाद घाला की. नवी मुंबईला पाणी हवंच आहे. पण किंमत लिहिलेली पावती दाखवून वाद घाला.

चौथा: "शिक्षकांना वेळ कुठे आहे?" हा मात्र खरा आहे. जनगणना, निवडणूक, सर्वेक्षण, पोषण आहार, वरून ऑनलाइन माहिती भरणं. म्हणून मी शिक्षकांना शिव्या घालणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण शिक्षण सक्तीचं करा म्हणून सांगितलं, आणि आपण त्याचं केलं काय, तर श्रेणी विषय आणि स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी चित्रं. दोष त्या रचनेचा आहे. पण पालक म्हणून, मामा-काकू म्हणून आपल्याला कोणी अडवलंय? विकेंडला लोणावळ्याला ट्रॅफिकमध्ये चार तास बसायला वेळ आहे ना आपल्याकडे?

तर हे करून बघा. सामान फार लागत नाही.

पावसाळ्यात पाताळगंगेचं किंवा तुमच्या जवळच्या कुठल्याही नदीचं लाल पाणी काचेच्या बाटलीत भरा आणि रात्रभर ठेवा. सकाळी तळाला बसलेला थर पट्टीने मोजा. मग विचारा, नदी थांबली की हे असंच बसतं, तर धरणात काय होत असेल? हाच प्रयोग जानेवारीत करा, फरक पोरं स्वतः सांगतील.

नदीच्या वळणावर घेऊन जा, अर्थात पाणी कमी असताना. बाहेरचा काठ कातरलेला, आतल्या काठावर रेती साठलेली. झीज आणि भर एकाच ठिकाणी, समोरासमोर. पुस्तकातल्या दोन पानांचं काम पाच मिनिटांत होतं.

घरी मोठ्या परातीत ओली वाळू घेऊन उतार करा, एका बाजूने तिरक्या लाटा करा. मधे एक पट्टी उभी खोचा. एका बाजूला वाळू साठेल, दुसऱ्या बाजूला खड्डा पडेल. झालं चेन्नई बंदर. पट्टी कुणी खोचली, हे कुठल्याही पोराला सांगावं लागत नाही.

किनाऱ्यावर गेलात तर एक खूण निवडा. एखादा खडक, देवळाची पायरी, दिव्याचा खांब. दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच जागेवरून फोटो काढा. पाच वर्षांत तुमच्याकडे जो लॉग असेल तो कुठल्याही निबंधापेक्षा मोलाचा. १९८४ पासूनची सॅटेलाइट चित्रं गूगल अर्थवर फुकट दिसतात, तीही सोबत लावून बघा. आणि खारपट्ट्यातल्या एखाद्या आजोबांना विचारा, तुमच्या लहानपणी बांध कुठे होता, खांड कधी पडली, बुजवायला कोण कोण यायचं.

कचऱ्याच्या पिशव्या जरूर न्या, किनारा स्वच्छ करणं चांगलंच आहे. फक्त त्याला धुपीचा उपाय म्हणू नका. प्लास्टिक उचलल्याने वाळू परत येत नाही.

आणि प्रकल्पवहीत 'कारणे' या मथळ्याखाली चार प्रश्न लिहायला लावा: वाळू यायची कुठून? आता अडते किंवा जाते कुठे? हा बदल कधी आणि कोणत्या निर्णयाने झाला? त्याचा फायदा कोणाला झाला आणि जमीन कोणाची गेली? उत्तरं चुकली तरी चालतील, पुढच्या वर्षी सुधारतील. ही पोरं उद्या इंजिनिअर होणार, बंदरं बांधणार, किनाऱ्याला प्लॉट घेणार, ग्रामसभेत बसणार. 'लाटा' हे उत्तर पाठ करून मोठी झाली, तर तीही पुन्हा भिंतच बांधतील.

भाच्याची वही पुढच्या महिन्यात तपासायला जाणार आहे म्हणे, कुठल्याशा स्पर्धेसाठी. मी त्याला हे चार प्रश्न वेगळ्या कागदावर लिहून दिलेत. लावायचे की नाही ते त्याने ठरवावं, मार्क त्याचे आहेत. तुमच्या घरी वही असेल तर तुम्हीही काढून बघा, कारणांची यादी काय म्हणते ते.